आमची आंबटढाण स्ट्रॉबेरी

आमच्या घरची स्ट्रॉबेरी खाऊन कुणी दवाखान्यात गेलं नाही, एवढंच तिच्याबद्दल चांगलं बोलता येईल. दिसायला मात्र ती अशी की लग्नपत्रिकेवर छापावी. लालभडक, चकचकीत, डोक्यावर हिरवी टोपी. तोंडात टाकली की डावा डोळा आपोआप मिटायचा आणि कानामागे कुठेतरी कळ जायची. चिंच निदान आंबट आहे हे आधीच सांगून येते. हिने तेवढाही सभ्यपणा दाखवला नाही.

तरीही त्या हिवाळ्यात आमच्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येकाने ती खाल्ली आणि तोंड वाकडं न करता "गोड आहे हो" असं सांगितलं. सगळे धडधडीत खोटं बोलत होते. त्यांना तसं बोलायला मीच लावलं होतं आणि त्याचा मला अभिमानही होता.

हे सगळं बाबांसाठी चाललं होतं.

आमचं गाव अलिबाग आणि रेवदंडा यांच्या मधलं. घरामागे थोडी नारळ-सुपारी, आणि रस्त्यापलीकडे आमची आंब्याची बाग. त्या बागेपेक्षाही गावात प्रसिद्ध होती ती बाबांची जीभ. पेट्या भरण्याआधी लोक एक आंबा घेऊन आमच्या पडवीत यायचे. बाबा सुरीने एक काप काढायचे, तोंडात धरून छपराच्या कौलांकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. "खालच्या आळीतला हाय. पानी जास्त दिलंस." किंवा "आठ दिवस आधी तोडलास, घाई झालीवती का?" समोरचा माणूस बागायतदार असो की देवळाचा विश्वस्त, निकालात फरक पडायचा नाही. एकदा एका लग्नात पहिल्या पंगतीत मानाने बसवलेलं असताना त्यांनी वधूच्या बापाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की रस डब्यातला आहे. त्या घराशी आमचं येणं-जाणं अजून सावरलेलं नाही.

घरातही तेच. आईने उभा संसार त्यांच्या शेऱ्यांखाली केला. "आमटीला आज गूळ हात राखून घातलास." "कोलंबी कालची हाय." शेवटी शेवटी आई त्यांच्या ताटाशेजारी मीठ, गूळ आणि कोकमाचं आंबट आगळ अशा तीन वाट्याच मांडून ठेवायची आणि म्हणायची, "घ्या, स्वतःच करून खा." आई गेल्यावर ती वाट्यांची परंपरा माझ्याकडे आली.

मी त्यांची धाकटी मुलगी. लग्न केलं नाही. मुंबईतली भाड्याची खोली सोडली आणि कंपनीचं काम लॅपटॉपवर करत गावी येऊन राहिले. गावाच्या मते मी बाबांची सेवा करायला आले. बाबांच्या मते मी ताजे मासे खायला आले. बाबांचं म्हणणं सत्याच्या जास्त जवळ होतं.

मग गेल्या मे महिन्यात बाबा झाडावरून पडले. या वयात झाडावर काय काम होतं, असं सगळ्यांनी विचारलं. काम होतं आंबा उतरवण्याचं. हाताशी गडी होता, गड्याच्या हाताशी झेला होता, लांब काठीला जाळी लावलेला. पण गडी "तयार नसलेला आंबा ओढतोय" म्हणून त्याला खाली उतरवून हे वर गेले. मांडीचं हाड मोडलं. अलिबागला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गोळ्यांची पिशवी दिली आणि बजावलं, की काही दिवस तोंडाची चव गेल्यासारखी वाटेल, आणि वयही झालंय. बाबांनी डॉक्टरांकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याने लगेच पुढच्या पेशंटला हाक मारली.

दादा खारघरहून धावत आला. माझा थोरला भाऊ. त्याचा अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, न्हाणीघरात धरायला दांड्या बसवलेल्या आहेत. बाबांची वेगळी खोली रंगवून तयार होती. दादा वाईट माणूस नाही. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं, दोन शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. त्याने बाग व्यापाऱ्याला करारावर दिली, गड्याचा हिशोब चुकता करून त्याला निरोप दिला, आणि बाबांना सांगितलं, "आता तिकडे चला."

बाबा म्हणाले, "ज्या दिवशी माज्यानं हितं काई व्हायचं न्हाय, त्या दिवशी येईन."

हे वाक्य त्यांनी दादाला गप्प करायला टाकलं होतं, पण ते खरं होतं हे मला माहीत होतं. काही येईनासं झालं की ते हट्ट करणार नाहीत, सरळ उठून जातील. आणि तिकडे बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून लिफ्टचा आवाज ऐकत ते संपतील, अशी मला भीती होती. फार वाटत होती. म्हणून त्यांच्या हाताला काम शोधणं हे माझं काम झालं. अट एकच, झाड गुडघ्याच्या वर जायला नको.

दिवाळीनंतर माणगावला एका नातेवाइकांकडे गेले होते. येताना महामार्गालगतच्या नर्सरीत स्ट्रॉबेरीची रोपं दिसली. रोपवाला म्हणाला, "ताई, कुठेही येते." हा माणूस पुढे निवडणुकीला उभा राहिला तर मला आश्चर्य वाटणार नाही.

बाबांनी रोपांकडे बघून विचारलं, "ही भाजी हाय का फळ?"

"फळ."

"जमिनीला टेकून येतं?"

"हो."

"म्हंजे मिरची बरी की." पण रोप त्यांनी हातात घेतलं, मुळं उलटी करून पाहिली, वास घेतला, आणि "ह्याला भुसभुशीत लागंल" असं पुटपुटत काठी टेकत अंगणात गेले. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले.

अंगणात काळ्या पिशव्यांची रांग लागली. बाबा सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापाशी. वाळवी बघ, पान पूस, गोगलगाय उचलून कुंपणापलीकडे शेजारच्या काकीच्या वाडीत टाक. थंडी पडली तशी पांढरी फुलं आली, मग हिरवे दाणे. बाबांनी जाहीर केलं, की तोडणी तेच करणार, मी हात लावायचा नाही. "पाखरं उठायच्या आत तोडायला होवी. तू उठतेस तवा पाखरांचं जेवन झालेलं असतं." हे खोटं म्हणता येणार नाही.

एके सकाळी मी उठले तर देवासमोर ताटलीत पहिल्या स्ट्रॉबेऱ्या. लाल, सुंदर, एकसारख्या. मला खरंच भरून आलं. बाबांनी एक मला दिली, एक स्वतः घेतली आणि माझ्या तोंडाकडे बघत बसले.

मी चावली. ते झालं, जे सुरुवातीला सांगितलं. पण समोर म्हातारा बाप, काठी बाजूला ठेवून, पोरीचं मत ऐकायला थांबलेला. मी डावा डोळा बळेच उघडा ठेवला आणि म्हणाले, "वा! काय गोड आहे, बाबा!"

बाबांनी त्यांची चावली. कौलांकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ.

"गोड हाय?" त्यांनी विचारलं.

"साखर आहे साखर!"

"व्हय," ते म्हणाले, आणि उरलेली अर्धी खाल्ली.

आमच्याकडे घरचं पहिलं फळ एकट्याने खायची पद्धत नाही. शेजारीपाजारी वानवळा द्यावाच लागतो, मग तो फणस असो की दुधी. बाबा आता केळीच्या पानात स्ट्रॉबेऱ्या बांधून घरोघर पाठवणार, हे मला दिसलं, आणि ही आळी तोंडाला येईल ते बोलणारी. म्हणून वानवळा नेण्याच्या निमित्ताने मीच पुढे गेले आणि प्रत्येक दारात रीतसर प्रचार केला. आंबट आहे, पण म्हाताऱ्याचं मन मोडू नका, गोड म्हणा.

शेजारच्या काकीने सगळ्यात जास्त आढेवेढे घेतले. कुंपणावरच्या फणसावरून तिची आणि बाबांची जुनी लढाई आहे. "माज्या लोनच्याला त्यांनी भर हळदीकुंकवात मातेरं म्हटलंनी," ती म्हणाली. "मी कशाला ग्वाड म्हनू?"

"काकी, ते खारघरला गेले तर तू भांडशील कुणाशी?"

काकीने क्षणभर विचार केला. खारघरपर्यंत तिचा आवाज पोचण्यासारखा नव्हता. त्या संध्याकाळी कुंपणावरून ती ओरडली, "भावोजी, काय ग्वाड वो तुमची फळं!" बाबा पिशव्यांवर वाकून पानं पुसत राहिले. मासेवाली मावशी तर मी न सांगताच तयार निघाली. एक तोंडात टाकून तिने "बाय माजे, मध हाय!" असं म्हणत गाल धरला आणि बाकीच्या टोपलीत बांगड्यांवर टाकून निघून गेली. नाक्यावरच्या कोंबड्यांनीही त्या खाल्ल्या नाहीत, असं नंतर कळलं.

इकडे मी आंबटपणाच्या मागे लागले. फोनवर जगभरचे लोक आपापल्या स्ट्रॉबेऱ्या हातात धरून मला उपदेश करत होते. ऊन कमी पडलं की आंबट. पाणी जास्त झालं की आंबट. खत जास्त, तर नुसता पाला माजतो आणि फळ आंबट. उष्ण हवेत फळ घाईने वाढतं, तरी आंबट. ऐकता ऐकता मला वाटायला लागलं, की स्ट्रॉबेरी गोड होणं हाच अपघात असावा.

पण बाबांना न कळता उपाय करायचे होते. वाळवण घालायला जागा हवी म्हणून पिशव्या दारातल्या आंब्याच्या सावलीतून उन्हात ओढल्या. टाकीत पाणी कमी आहे सांगून पाणी तोडलं. बाबा दर दोन दिवसांनी मासळी धुतलेलं पाणी मुळाशी ओतायचे, नारळाला घालतात तसं. ते थांबवायला मला चक्क आठवडाभर शाकाहार करावा लागला. बापावरचं प्रेम याहून मोठं कुठे असतं, मला माहीत नाही. ताटलीतल्या स्ट्रॉबेऱ्या तरीही लाल आणि तरीही आंबट. आणि सकाळी मी कधीही उठले तरी झाडावर एकसुद्धा लाल फळ दिसायचं नाही. हिरवी आणि पांढुरकी तेवढी असायची. मला वाटायचं, बाबा फारच लवकर उठतात.

याच दिवसांत बाबा बदलले. आमटीला नावं ठेवेनात. एकदा मी फोनच्या नादात डाळीत मीठ घालायलाच विसरले. त्यांनी पूर्ण वाटी खाल्ली, हात धुतला आणि "चांगली झालीवती" म्हणून उठले. वाट्यांना हात लावला नाही. खरं तर तेव्हाच मी घाबरायला हवं होतं. त्याऐवजी मला आनंद झाला. मला वाटलं, माणूस सुधारला.

मग बागेचा व्यापारी पहिला लवकरचा आंबा घेऊन आला. मोठ्या भक्तिभावाने त्याने तो बाबांसमोर ठेवला. "काका, सांगा, कसा हाय?"

बाबांनी आंबा हातात घेतला, देठाकडे वास घेतला, आणि खाली ठेवला. "पोरीला दे. तिला कळतं आता."

व्यापारी माझ्याकडे बघायला लागला. मला आंब्यातलं एवढंच कळतं, की तो संपतो. मी खाल्ला आणि छान आहे म्हणाले. व्यापाऱ्याला या मताचं काय करावं ते कळेना. तो दोन वेळा बाबांकडे वळून बघत निघून गेला.

त्या रविवारी दादाचा फोन आला. नेहमीप्रमाणे त्याने विचारलं, "बाबा, मग कधी येताय?" मी नेहमीच्या उत्तराची वाट बघत लसूण सोलत होते.

"शिमगा झाला की ने येऊन," बाबा म्हणाले.

माझ्या हातातली सुरी थांबली. दादाचाही कानांवर विश्वास बसला नसावा, कारण बाबांना तेच दुसऱ्यांदा सांगावं लागलं. फोन ठेवून ते अंगणात गेले नाहीत. पडवीत बसून राहिले.

मी विचारलं, काय झालं? पाय दुखतोय? माझं काही चुकलं? "न्हाय गं." मग स्ट्रॉबेरीचं कोण बघणार? "तू बघ. सोपं हाय." मी त्या रात्री जेवले नाही, रडले, आणि स्ट्रॉबेरीला आणि माणगावच्या रोपवाल्याला मनसोक्त शिव्या घातल्या. एवढा खटाटोप केला, अख्खी आळी पढवली, आणि म्हातारा निघालाच.

शिमग्याच्या चार दिवस आधी मी त्यांचे कपडे भरायला घेतले. जुनी पेटी त्यांच्या खाटेखाली असायची. वाकले, हात घातला, तर पेटीच्या पुढ्यात एक वेताची टोपली लागली, गोणपाटाने झाकलेली. बाहेर ओढून गोणपाट उचललं. आत भाताचा पेंढा. पेंढ्यावर, एकमेकांना न लागता, देठ वर करून ओळीने मांडलेल्या स्ट्रॉबेऱ्या. काही पांढऱ्या, काहींच्या एका गालाला नुकती लाली. वर पुन्हा पेंढ्याचा पातळ थर.

बाबांनी स्ट्रॉबेरीची आढी घातली होती.

कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते. आंबा आम्ही झाडावर पिकू देत नाही. चौदा आणे तयार झाला की देठासकट उतरवायचा आणि उरलेले दोन आणे त्याने पेंढ्यात पडून पिकायचं, याला आढी म्हणतात. ज्याची आढी साधली तो बागायतदार. बाबांनी जन्मभर तेच केलं होतं. तेव्हा समोर नवं फळ आल्यावर त्यांनी काय करावं? रोज पहाटे चौदा आणे स्ट्रॉबेऱ्या शोधून तोडल्या, माझ्या नकळत खाटेखाली पिकायला घातल्या, आणि लाल झाल्या तशा ताटलीत मांडल्या. आणि फोनवरचा एक माणूस, जो मला पाल्हाळिक वाटला म्हणून मी मधेच बंद केला होता, तो नेमकं हेच सांगत होता. स्ट्रॉबेरी तोडली की तिची गोडी तिथेच थांबते. नंतर फक्त रंग चढतो.

मला हसू फुटलं. साधं नाही, जमिनीवर बसून पोट धरून. बाबा काठी टेकत आले आणि टोपली उघडी बघून चोरी सापडल्यासारखे दारात थांबले.

"आढी घातलीव," ते म्हणाले. "न्हायतर पाखरं ठेवतात व्हय?"

"बाबा!" माझ्या तोंडून हसण्याच्या भरात निघून गेलं, "अहो, म्हणून तर एवढी आंबट लागत होती!"

मग मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं.

बाबा तसेच उभे. "काय म्हनलीस?"

आता सावरण्यात अर्थ नव्हता. "आंबट. आंबटढाण. पहिल्या दिवसापासून."

"तुला आंबट लागली?"

"हो."

"आनि काकीला?"

"तिलाही. सगळ्यांनाच. मीच सगळ्यांना सांगितलं होतं, की गोड म्हणा. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

बाबा खाटेवर बसले. काठी त्यांच्या हातातून घसरून पडली, ती त्यांनी उचलली नाही. मला वाटलं, झालं, उरलीसुरली उमेद मी आत्ता मोडली. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलले.

"मला आंबट लागत होती. तुम्ही समदी ग्वाड म्हनत होता. मी म्हटलं, जीभ गेली माजी. डाक्टर बोललाच होता." पडलेल्या काठीकडे बघत ते म्हणाले, "पाय गेला त्याचं काय न्हाय. पन जीभच गेली तर हितं बसून मी करू काय?"

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. बिनमिठाची डाळ, व्यापाऱ्याचा आंबा, शिमगा झाला की ने येऊन. आम्ही आळीभर मिळून, अगदी प्रेमाने, त्या माणसाला पटवून दिलं होतं की तो संपला. मी त्यांच्या पायाशी बसले आणि लहान मुलीसारखी रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, समजूत घालताहेत. छे, म्हातारा तापत होता.

"म्हंजे ती आंबटच हाय," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"आनि त्या दिवशी डाळीत मीठ नव्हतं."

"नव्हतं."

"आनि काल जो बोंबील करून घातलास तो शिळा होता."

"परवाचा होता," मी म्हणाले.

"मला ठावं होतं!" बाबा ओरडले. इतक्या मोठ्याने की बाहेर कोंबड्या उडाल्या. काठी उचलली आणि पडवी ओलांडून तरातरा कुंपणाशी. मी मागून धावले, पडतील या भीतीने. ते पडण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "काय गं ए!" त्यांनी काकीच्या घरावर हाक घातली. "स्ट्राबेरी कशी होती?"

काकी दारात आली. इमानदार बाई, सांगितलेलं विसरलेली नव्हती. "ग्वाड होती वो!"

"खोटारडे! खरं बोल!"

काकीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्या माउलीने महिनाभर तुंबवलेलं सगळं एका दमात मोकळं केलं. "आंबट होती! मेली घशाखाली उतरंना! चिमूटभर साखर तोंडात टाकून झोपले मी! आनि मला म्हनतात लोनच्याला मातेरं!"

"मातेरंच हाय तुजं लोनचं!" बाबा आनंदाने ओरडले. इतके खूश मी त्यांना ऑपरेशननंतर पाहिलेच नव्हते. काकीही पदर खोचून कुंपणापर्यंत आली. पुढचा अर्धा तास दोघं काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, पण ऐकायला फार बरं वाटलं.

आढीचं प्रकरण मात्र बाबांना सहजासहजी पटलं नाही. "तोडल्यावर थांबतं? हे कसलं फळ? आंबा बघ, झाडापासून तोडला तरी आपला आपण पिकतो. ह्याला आईच्या पदराखालीच ऱ्हायला होवं?" पण दुसऱ्या पहाटे त्यांनी काही तोडलं नाही. खुर्ची अंगणात ओढून काठी घेऊन राखणीला बसले. बुलबुल आले की काठी, खार आली की शिवी. तीन दिवसांनी एक फळ देठापर्यंत लाल झालं, ते तोडून त्यांनी सुरीने अर्धं केलं. अर्धं मला, अर्धं त्यांना. खाऊन ते कौलांकडे नाही, माझ्याकडे बघायला लागले.

"गोड आहे," मी म्हणाले. "पण शेवटी थोडी आंबट लागते."

"शेवटी न्हाय," बाबा म्हणाले. "मधे लागते. शेवटी तुरट हाय. उन्हं वाढली, आता याच्यापरीस बरी यायची न्हाय." आणि त्या दिवशी आमटीला गूळ जास्त झाल्याचं त्यांनी मला जेवण होईपर्यंत ऐकवलं.

दादाला मी फोनवर यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं, तेच कळत नव्हतं. शिमगा झाला आणि तो ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला. बाबांसाठी मानेखाली घ्यायची नवी उशी आणली होती, वाटेत दुखू नये म्हणून. बाबांनी त्याला पडवीत बसवलं, पाणी दिलं आणि स्वतः अंगणात जाऊन एक फळ तोडून आणलं. मी बघितलं, त्यांनी लाल सोडून मुद्दाम पांढुरकं निवडलं होतं.

"खा," ते म्हणाले. "आपल्या हितली हाय."

दादाने ते तोंडात टाकलं. त्याचा डावा डोळा मिटला. मानेची शीर ताठ झाली. मोठ्या कष्टाने त्याने गिळलं, आणि प्रेमाने हसून म्हणाला, "वा, बाबा! मस्त गोड आहे!"

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. रागाने नाही.

"खरं सांग."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी कौलांकडे पाहत होते.

"आंबट आहे, बाबा," दादा हळूच म्हणाला.

"किती?"

"खूप. दात आंबलेत."

"मला पन तशीच लागते," बाबा म्हणाले. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच थोडा वेळ राहू दिला. "चल, जेवून घे. आनि मंग उजेडात निघ. पेणच्या पुढं रस्ता वाईट हाय, आनि तू एकटाच जानार हायस."